बेचाळिसावा दगड

मोहगोंदीच्या वावरात
गोट्यांची रिंगणं आहेत. कोणी मांडली, ठाऊक नाही.
कोलार नदीला विचारावं तर ती वळून निघून जाते,
तिला कन्हान गाठायची घाई.

इसनबाजी उईक्यांचा ढवळ्या
रिंगण आलं की हाळी न देता डावीकडे वळायचा.
त्याच्या आधीचा बैलही वळायचा, म्हणे.
इतकाच आमचा इतिहास.
आत पऱ्हाटी नाही, लाखोळी नाही,
बोरीचं एक झुडूप, आणि दुपारी
भाकर सोडून बसलेली माणसं.

पाचवीत होतो मी. माघात नागपूरहून जीप आली.
चष्म्याच्या बाईंनी माझ्या हाती फितीचं टोक दिलं,
"धरून राहशील ना?"
त्यांनी एकेका दगडावर खडूनं आकडा घातला.
एकेचाळीस.
मावळतीला एक जागा रिकामी,
पडलेल्या दातासारखी.

खालून निघालं लोखंडी पातं,
घोड्याच्या तोंडातली कडी,
आणि एक लाल मणी,
अजून दोरा ओवता येईल असा.
घोड्याला कोणी पुरलं असेल, की माणसालाच
घोडा सोबत दिला असेल,
यावर जीपवाले चहा थंड होईस्तोवर बोलले.

मग बाईंनी इसनबाजींना विचारलं,
"बेचाळिसावा कुठं गेला?"
"गेला असंन कोठी," ते तंबाखू मळत म्हणाले.
"एवढ्या वर्षांत त्याले का पाय नाई फुटले?"

मला ठाऊक होतं.
मी फीत घट्ट धरून राहिलो.

घाटावर, उंबराच्या मुळाशी
तो पालथा पडला आहे.
त्याच्यावर मायनं धुतली
बाळंतिणीची लुगडी, हळदीची धोतरं,
आणि बाबाचा सदरा, ज्या दिवशी
तो परत कोणी घालणार नव्हतं.
पुरात बुडतो, दिवाळीच्या सुमारास
शेवाळ घेऊन वर येतो.
मधोमध खळगा पडलाय त्याला,
माझ्या मायच्या, तिच्या सासूच्या,
आणि कोणाकोणाच्या हातांनी.

यंदा शिमग्याला गेलो.
रिंगणाभोवती तारेचं कुंपण, निळी पाटी,
पाटीवर आकडा तोच, एकेचाळीस.
इसनबाजींचा नातू ट्रॅक्टरवर, कानात गाणं.
हात करून पुढे गेला.

घाटावर वहिनी पोरीचा शाळेचा फ्रॉक घासत होती.
मी दगडाशी वाकलो,
खडूचा काही डाग कुठे नसणारच, तरी बघत राहिलो.
"बाजूले सरा भाऊजी," ती म्हणाली,
"शितोडे उडतीन."