तिसऱ्या टाकीचं तोंड

स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर हिवाळ्यात
चार वाजायच्या आत अंधार पडतो.
तेव्हा पाणबुडे परततात, अठरा जण,
बुडालेल्या जहाजांचा गारठा हाडांत घेऊन,
आणि सगळ्यांना एकदमच अंघोळ हवी असते.

म्हणून रेंडलबाईंच्या तळघरात
एक नाही, तीन टाक्या.
तिन्ही बंद. छपरावर हौद नाही, उघडी नळी नाही,
गावच्या नळाचा जोर थेट पोटात.

तक्रार एवढीच: सातव्या माणसापासून पाणी कोमट.
एर्लेंडने पाइपांवर टॉर्च फिरवला.
दारापाशीच्या टाकीला आखूड वाट,
मधलीला लांब, कोपऱ्यातलीला वळणावळणाची.
पाणी कशाला लांब जाईल?
उघड उघड पंक्तिप्रपंच:
पहिलीने सगळ्यांना वाढून वाढून गार पडायचं,
तिसरीने भरल्या ताटावर बसून राहायचं.

मग त्याने तिसरीजवळ हात नेला
आणि टेकवायच्या आधीच मागे घेतला.
"इंगा, वर जा. मेन स्विच पाड. सगळ्यांना बाहेर काढ."
आवाज चढवला नाही,
म्हणूनच मी धावले.

पाणबुडे टॉवेल गुंडाळून समोरच्या पबमध्ये गेले,
बाई मांजर काखेत घेऊन अंगणात.
आम्ही भिंतीआड उभे. तीन तास.
त्याने डब्यातलं अर्धं सँडविच मला दिलं,
स्वतःचं अर्धं हातातच धरून राहिला.

टाकी निवली तेव्हा दिसलं:
थर्मोस्टॅट चिकटून बसलेला, त्यामागची कळही मेलेली,
आणि सुटकेच्या झडपेच्या तोंडाला
तांब्याचं टोपण.
डाख इतका सफाईदार की एर्लेंडने शिट्टी वाजवली.
कुणीतरी मन लावून केलेलं काम.

तापलं की पाणी फुगतं, त्याला जागा लागते.
ती नाही दिली तर आतल्या आत
तोंड दाबून बुक्क्यांचा मार,
आणि मग एक दिवस
टाकीसकट मजला.

"विल्फने केलं ते," बाई म्हणाल्या.
"माझी खोली बरोबर वर आहे ना.
थेंब पडायचा, मला झोप यायची नाही.
त्याच्या हातचं शेवटचं काम."
मग कुणी काही बोललं नाही.
बाईंनी टोपण एप्रनच्या खिशात टाकलं.

दोन दिवस लागले.
तिघींना जायला आणि यायला सारखाच पाइप,
टेपने मोजून; एर्लेंड इंचासाठी भांडला.
जोर उतरवणारी झडप एकच, वाटा फुटायच्या आधी.
फुगलेलं पाणी सामावायला लाल भांडी, रबरी पडद्यामागे हवा.
सुटकेची झडप मात्र जिची तिला,
आणि तिच्या वाटेत तोटी नाही, कधीच नाही,
दुरुस्तीच्या सोयीसाठीसुद्धा नाही.
प्रत्येकीखाली एक नरसाळं, डोळ्यांना दिसेल असं,
पुढे तिघींचा मिळून एक जाड पाइप,
अंगणातल्या जाळीखाली, कुणाचा पाय भाजणार नाही असा.

जाताना तो बाईंना म्हणाला,
"थेंब पडला तर बुजवू नका. मला बोलवा."

मार्चमध्ये फोन आला, पहाटे तीनला.
मी सायकलचा पंप घेऊन त्याच्या मागोमाग उतरले.
लाल भांड्यातली हवा गेली होती, एवढंच;
वीस मिनिटांचं काम.

बाई तिथेच होत्या, स्टुलावर, खांद्यावर शाल,
नरसाळ्यासमोर.
किती वेळापासून, विचारलं नाही.
एर्लेंड पंप जोडायला वाकला
तेव्हा म्हणाल्या,
"थांब जरा.
अजून एक पडू दे."