कलम एकोणीस

हॉर्निमन सर्कलपाशी, तिसऱ्या मजल्यावर,
दस्तूरबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
"इथे पैसे देऊन नाही करता येत. तिकडे येतं.
पण तिकडचा कायदा तिकडेच थांबतो,
तुमच्याबरोबर विमानात नाही चढत."

हेरंबने वहीत लिहिलं: विमान.
खाली, जन्मदाखला, शिक्क्यासह, चार प्रती.
आईच्या रकान्यात नाव कुणाचं?
बाळाचे कागद होईपर्यंत तिकडे खोली.
किती दिवस?
बाईंनी नुसता हात हवेत फिरवला.

बेरीज मुलुंडच्या फ्लॅटहून
साडेतीन लाखांनी जास्त.
माझ्या पाटल्या धरल्या तर जेमतेम.
जुळं झालं तर, कलम अकरा.
नाही टिकलं तर, अकरा-ब. पैसे परत नाहीत.

रात्री कुकर गार होईस्तोवर
मी कलम एकोणीस वाचलं:
गर्भधारक महिला, नाव नातिया, वय एकोणतीस,
एक मुलगा, दुसरीत.
कच्चं मांस, मद्य, घोडेस्वारी वर्ज्य.
आंबट खावंसं वाटलं तर काय,
ते कुठेच नव्हतं. मी मागची पानंही चाळली.

वहिनीला पाचव्यात
पाटीवरची पेन्सिल हवी असायची.
दादा खिशात लपवून आणायचा,
आई रागवायची, मग तीच पुडी उघडून द्यायची.
मी दारात उभी असायची तेव्हा.

हेरंब, एक ओळ वाढव.
डोहाळे.
"आकडा काय टाकू?"
आधी तिला विचारायला हवं.
दुभाष्या तासावर पैसे घेतो,
ते धर.