शिडीवर अडलेलं

उम्म अल कुवैनच्या बर्फ-गोदामात
रात्रपाळीच्या नोंदवहीत, मागच्या पानांवर,
मी एक ग्रह वसवलाय.
दोन चंद्र, गंधकाचं धुकं,
आणि प्रत्येक देहात दोन्ही: बीजही, कूसही.
भांडण होतं ते एवढ्यावरच
की या खेपेला पोटुशी कोण राहणार.

यान उतरवलं खाजणापलीकडे, तिवरांच्या कडेला.
दार उघडलं. शिडी सोडली.
त्या जीवाने तोंड उघडलं
आणि मी अडलो.
‘मी आलो’ म्हणू, की ‘मी आले’?
तीन रात्री ते बिचारं शिडीवरच उभं.
‘आगमन झाले आहे’ लिहून पाहिलं;
विमानतळावरची बाई बोलल्यासारखं वाटलं.

पहाटे चारला होड्या लागल्या.
कुंजाप्पूने हामूर फळीवर आपटला,
आमच्याकडचं हेकरू, हातभर लांब.
पोट चिरत मोडक्या हिंदीत म्हणाला,
हा बाप्या झालाय.
म्हणजे?
लहानपणी सगळ्या बायाच असतात या.
जगल्या-वाचल्या, वाढल्या, की काहींचे बाप्ये होतात.
तीस वर्षं कापतोय.
खवले झटकून त्याने पुढचा घेतला.
मी वजन लिहिलं: सहा किलो दोनशे.
नर-मादीचा रकाना नसतो आमच्या वहीत.

खोलीवर सात बाप्ये, एक शेगडी.
षण्मुगम सदऱ्याला बटण लावत होता,
दोरा दातात धरून, अगदी आईसारखा;
असं तोच म्हणतो.
घरी फोन लावला.
हर्षदा कौलांवर चढलेली, ओचा खोचून.
“वांदरांनी कौलां फोडल्यानी. थांब जरा.”
वारा. शिडीची करकर.
मग धापा टाकत, अंगणातून:
“हां, बोल. खाली इलंय.”

इलंय.
मीही असंच बोलायचो शिरोड्यात.
बापूसही. आवयही.
मराठीच्या तासाला पट्टी बसली:
‘आलो’ म्हण रे, गाढवा.
आणि पलीकडच्या बाकाला: ‘आले’ म्हण गं.
तिथून पुढे आम्ही दोन रांगांत बोललो.

“आयकतंस मा?”
हो म्हणालो. तिने कौलांचा हिशेब सांगितला,
शेकड्याला किती, गडी कितीला.
मी ऐकत होतो, बहुतेक.

वहीत कुणीतरी शिडी उतरत होतं,
एकेक पायरी, चाचपत.
खाली खारट वाळू,
दोन खेकडे, वाट सोडायला तयार नसलेले.
“मिया इलंय,”
म्हणालं.