आठ किलो

जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ल्याचा घाट उतरायचा,
चार दिवस, पायी.
कॅम्पातला मिनिन म्हणाला, पाठीवर आठ किलो. वर नको.

मी हसलो.
उद्यमबागेत सव्वीस वर्षं साचे उचलतोय,
पण साचा दहा पावलांवर ठेवता येतो
हे येळ्ळूरच्या चढाला कळलं.
गड वर तसाच राहिला,
मी निम्म्यात दगडावर.
उसाच्या ट्रॉलीवरनं एक पोरगं ओरडलं,
"काका, मिलिटरीत भरती झालास काय?"

बूट नवे. घरात घालून फिरतो,
भाकरी खाताना, टीव्हीपुढं.
मालू म्हणते, झोपताना तरी काढा.
टाचेला फोड. तिला सांगितलं नाही.

संध्याकाळी बसलिंगप्पाच्या काट्यावर सॅक ठेवली,
गुळाच्या ढेपांशेजारी.
"हन्नेरडू," तो म्हणाला.
बारा!

घोंगडं काढलं. स्टीलचा डबा.
बॅटरीचा जुना दांडका,
तिसरी पँट,
पित्त, ताप, विंचू, जुलाब
सगळ्यांची औषधं निम्मी केली.
चाकू ठेवला, का ते माहीत नाही.
दुकानात बायका तेलाला थांबलेल्या,
माझे पायमोजे डाळीच्या पोत्यावर.

दहा. साडेनऊ.
मालूनं दिलेला चिवडा काढताना
इकडंतिकडं पाहिलं.
"एंटू," बसलिंगप्पा म्हणाला. आठ.

मी पट्टे आवळले, दोन्ही बाटल्या
बाजूच्या खिशात खोचल्या.
त्यानं एक हातात घेऊन हलवली.
आवाज नाही.
"नीरू?"

पाणी.
ते धरलंच नव्हतं.