परतीचा माल

प्रिन्सेस स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
गुरांच्या औषधांच्या घाऊक दुकानात
मी बिलं बनवते. एकोणीस वर्षं झाली.
म्हशीला अजून हात लावलेला नाही.

पण मला विचारा,
कासदाहाच्या ट्यूबा कोल्हापूरला कधी जास्त जातात,
गोचिडाचं औषध लातूर कोणत्या आठवड्यात मागतं,
घटसर्पाची लस मृगाच्या आधी निघते
की बोंब उठल्यावर.
(बोंब उठल्यावरच.)
नगरचा फोन दिवसातून तीनदा आला
की समजायचं, तिकडे लाळ्या-खुरकूत आलाय.
पेपरात ते चार दिवसांनी छापून येतं,
आतल्या पानावर, तळाशी,
सोन्याच्या भावाखाली.

जयसुखशेठ म्हणतात, औषध महाग नसतं, वैजयंताबेन,
महाग असते ती म्हैस.
चाळीस रुपयांची लस, दीड लाखाचं जनावर,
आणि त्या जनावराच्या चार सडांवर
(इथे ते बोटं मोजायला लागतात)
गवळी, त्याचे दोन गडी, पेंडवाला,
कडब्याचा टेम्पो, बर्फवाला, डेअरीतला पोऱ्या,
खव्याची भट्टी, भट्टीवाल्याची मुलगी जी सीए होतेय,
आणि आपण.
बोटं संपतात. मग ते चहा मागवतात.

लसींच्या फ्रिजला जनरेटर आहे. आम्हाला नाही.
मे महिन्यात दुपारी वीज गेली
की आम्ही बिलबुकाच्या पुठ्ठ्याने वारा घेतो,
आणि दर पाऊण तासाने मी काचेतून आकडा बघते.
चार अंश.
त्या मजेत असतात.

मंगळवारी लालमन आला, जोगेश्वरीच्या तबेल्यातून.
शर्टाला भिजलेल्या सरकीचा वास.
नेहमी थेट काउंटरवर कोपर टेकणारा माणूस
दाराशीच थांबला.
पिशवीतून कॅल्शियमच्या चार बाटल्या काढल्या,
सील न फोडलेल्या.
"वापस लोगे?"
डॉक्टरने पाच लिहिल्या होत्या. एक लागली.

परतीच्या मालाला क्रेडिट नोट लागते.
संगणक कारण विचारतो, आणि कारणं तीनच देतो:
मुदत संपली.
माल खराब.
जास्त मागवला.
मी यादी वर केली, खाली केली.
चौथं काही नव्हतं.

त्याने खिशातून रुमाल काढला, रुमालातून
कानातला पिवळा बिल्ला,
बारा आकडे, कडेला सुकलेलं काहीतरी.
विम्याला हाच लागतो, म्हणाला. इथे पण लागतो का?

नाही. इथे नाही लागत.

व्यायली आणि दुसऱ्या रात्री बसली ती उठलीच नाही.
चौदा लिटरची होती.
नाव त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
चौदा लिटर म्हणजे, मनातल्या मनात मी हिशेब मांडला,
सवयच ती,
आमच्या चाळीच्या एका मजल्याचा
सकाळचा चहा, आणि तळमजल्यावरच्या
पाळणाघराच्या बाटल्यासुद्धा.
उद्या तो मजला दुसऱ्या कुठल्यातरी म्हशीचं दूध पिईल.
कुणालाही चव वेगळी लागणार नाही.

मी "जास्त मागवला" दाबलं.
सोळाशे चाळीस रुपये.
रोख नको म्हणाला. त्यात कासदाहाच्या ट्यूबा द्या,
बाकीच्या सत्तावीस उभ्या आहेत.
बारा दिल्या. वरचे वीस रुपये शेठनी सोडले,
जे ते कधी सोडत नाहीत,
आणि तीन चहा सांगितले.

लालमनने ग्लास आधी नाकाशी नेला.
एक घोट घेतला, जिभेवर फिरवला.
"पावडर का है," म्हणाला,
आणि सगळा प्यायला.