टपाल बंद

एकतीस वर्षं मी गाड्यांच्या पोटाखाली उभा राहिलो,
केउरूच्या तपासणी केंद्रात, खड्ड्यात,
एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पहार.
गंज कुठवर पोचलाय ते हातोडीनं विचारायचं.
पत्रा खरं बोलतो. मालक थोडं कमी.

म्हणून माझं मत ऐकून घ्या, विचारलं नसलं तरी :
हल्लीच्या गाड्या पळतात जोरात, पण चालवायला देत नाहीत.
चार सेकंदांत शंभर! बरं. मग?
पाठ सीटला चिकटते, पोट मागे राहतं.
लिफ्टमध्येही तसंच होतं;
लिफ्टचं बटण दाबलं म्हणून कुणी कॉलर ताठ करत नाही.

वजन. सगळं दुखणं वजनात आहे.
माझी साब नऊशे किलोची,
पासष्ट घोडे, त्यातले चारपाच आता पेन्शनीत,
गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मानेवर,
मागच्या सीटवर कायमचं मासे धरायचं जाळं.
भाचीची, हेल्मीची, गाडी दोन हजार तीनशे.
वळणावर आतले सगळे संगणक मिळून तिची समजूत घालतात,
सॉनातून उठायला तयार नसलेल्या पाहुण्याची घालावी तशी,
आणि ती वळते. वळते हो, नाही म्हणत नाही.
पण वळल्याचं माझ्या हातांना कुणी कळवत नाही.

स्टिअरिंग म्हणजे टपाल होतं.
खडी खालून लिहायची :
इथे ओल आहे,
इथे कालच ग्रेडर फिरलाय,
इथे बर्चची पानं कुजलीत, जरा जपून.
आता टपाल बंद. पडद्यावर नुसती चित्रं.

आणि आवाज!
इंजिन नाही, तरी स्पीकरमधून इंजिनाची गुरगुर,
यादीतून निवडायची, सौम्य की रांगडी.
दात पडलेल्यानं खिशात अक्रोड खुळखुळवावेत तशी.

हे सगळं मी हेल्मीला सांगत होतो
ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी, तिचीच गाडी चालवत,
पेतायावेसीकडच्या कच्च्या रस्त्यावर.
ती फोन चाळत 'हं' म्हणत होती.
तिसरा उंचवटा आला. हा उंचवटा मला पाठ आहे,
विशीत इथे मी चारही चाकं हवेत नेली होती,
आणि आउलिस, किती उंच ते बघायला,
रस्त्याकडेच्या चरात आडवा झोपला होता, मूर्ख.
तर तिथे, उंचवटा उतरताना,
गाडीनं आपणहून ब्रेक दाबला.
मी नाही. माझा पाय अजून मत मांडत होता.

पट्टा छातीत रुतला. खडी उडाली.
दिव्यांच्या उजेडात आधी नुसते चार पाय,
मग वर, खूप वर, एल्कचं धड,
आणि नाकपुड्यांतून निघणारी वाफ.
त्यानं आमच्याकडे पाहिलं, जणू आम्हीच वाट चुकून आलो होतो,
आणि सावकाश झाडीत गेला.

"छान दाबलास, मामा," हेल्मी म्हणाली.

पडद्यावर लाल अक्षरांत लिहून आलं होतं कोणी दाबला ते.
मी त्यावर हात ठेवला,
हीटर कमीजास्त करत असल्यासारखा,
अक्षरं विझेपर्यंत.

माझं मत बदललेलं नाही.
ती गाडी जड आहे, मुकी आहे,
आणि तिच्या पोटाखाली उभं राहिलं तर दिसते फक्त एक सपाट झाकणी,
जिला हातोडीनं काहीही विचारता येत नाही.

मंगळवारी डोळे तपासायचेत.
हेल्मी म्हणाली, मी सोडते.
म्हटलं, नको. साबनं जाईन,
दिवसाउजेडी, काच खाली करून,
खडी काय म्हणते ते ऐकत.
ती हं म्हणाली नाही या वेळी.
किल्ली कुठे ठेवतोस, एवढंच विचारलं.