चार दिवसांआड

चार दिवसांआड पाणी येतं आमच्या गल्लीत,
पहाटे कधीतरी, साडेतीनला, चारला.
नळ आधी खोकतो, मग नुसती हवा सोडतो,
मग भूदेवी उठते.
मीही जागा असतो. पण
जागं असणं आणि उठणं
यांच्यामध्ये हल्ली एक अख्खी गल्ली असते,
ती मला चालून जावी लागते.

गोळी रात्री नऊला. एक प्रकारचं मीठच आहे म्हणतात.
हत्तरगे मॅडम म्हणाल्या, पाणी भरपूर प्या,
उन्हात हिंडू नका, घाम फार गाळू नका.
मी म्हटलं, मॅडम, सोलापुरात? मे महिन्यात?
त्या हसल्या. मी पण.
घरी येऊन हंडे मोजले.

पूर्वी
(पूर्वीचं निघालं की भूदेवी उठून आत जाते)
एका रात्रीत अकरा डिझाइनं काढली होती मी.
चादरीवर मोर, मोराच्या पिसाऱ्यात भुईकोट किल्ला,
किल्ल्याच्या बुरुजावर पुन्हा मोर.
ग्राफचा कागद संपला तेव्हा भिंत घेतली,
भिंत संपली तेव्हा चार माग घेतले, उधारीवर.
तिच्या पाटल्या त्या मागांत गेल्या.
कंबर तलावाच्या कठड्यावर उभं राहून
बदकांना भागीदारी देऊ केली.
लोक म्हणायचे, अंबादास, काय डोकं आहे बे तुझं!
डोकं होतंच.
खाली पाय नव्हते.

आता कागदावरचा एक चौकोन भरतो.
पेन्सिल थरथरते. खोडतो.
पुन्हा तोच भरतो.
दुपारपर्यंत कोपऱ्यातलं एक पान होतं,
तेही दोन्हीकडून सारखं नसतं.
मिठ्ठापल्ली सेठ काही बोलत नाहीत,
न बोलणं त्यांना जड जातंय एवढं दिसतं.
कोणी विचारतं, झोप होत नाही का रे?
होते की.
झोपच होते.

माघात नऊ दिवस गोळ्या डब्यातच ठेवल्या.
सांगितलं नाही कुणाला.
पाचव्या दिवशी मोर आले,
सातव्या दिवशी मी घोंगड्याच्या दुकानात
तेलुगू, कन्नड, मराठी एकदमच बोलत होतो
आणि दुकानदार मागे मागे सरकत होता.
त्याचा तो सरकणारा पाय दिसला.
नवव्या रात्री डबा स्वतःच आणून
भूदेवीच्या हातात दिला.
तिनं झाकण उघडून दिलं, बस्स.

समोरच्या यल्लम्मा मावशी बिड्या वळतात,
दिवसाला आठशे, कधी हजार.
विचारलं, मावशी, नकोसं झालं तर काय करता?
त्यांनी पान कात्रीनं कापलं, तंबाखू भरली,
दोरा गुंडाळला, मग म्हणाल्या,
नकोसं होऊ दे की.
ते डोक्यात बसतंय. हात हितं बसतोय.

सोलापुरी चादर भिजल्यावर
कधी एकट्यानं पिळून बघा.
शक्य नाही. एक माणूस या टोकाला लागतो,
एक त्या. आणि उलट्या दिशेनं पिरगळायचं असतं,
नाहीतर दोघं मिळून नुसतेच गोल फिरता.
आम्ही पहिली दोन वर्षं गोलच फिरलो.

आज पाणी आलं.
मी उठलो. लगेच नाही,
तिची तिसरी घागर भरल्यावर.
पायरीवर बसलो थोडं, मग एक बादली उचलली,
अर्धी सांडली.
ती काही म्हणाली नाही, दुसरं टोक पुढे केलं.
अंधारातच पिळली आम्ही चादर.
माझी मूठ दोनदा सुटली.
पाणी तिच्या पावलांवर, माझ्याही.

नंतर दोन तांबे पाणी प्यालो, मॅडम सांगतात तसं,
आणि तिथंच भिंतीला टेकून झोपलो,
आठपर्यंत, ओल्या कपड्यात.
सोमवारी रक्त द्यायचंय.
पानाची उजवी बाजू अजून राहिलीय.